लाइट आली, होस्ट उठला, स्टोरेजची व्हीएम मात्र उठेना

पावसाळा लागला की ही तक्रार ठरलेली. रात्री वाऱ्याने कुठेतरी फांदी तारेवर पडते, लाइट जाते, इन्व्हर्टर झेपेल तेवढं ओढतो आणि पहाटे कधीतरी घरातला सर्व्हर बंद पडतो. लाइट आल्यावर तो आपोआप सुरू होतो, पंखे फिरतात, पण ज्या व्हीएमला (होस्टच्या, म्हणजे या मशीनच्या, आत चालणाऱ्या आभासी मशीनला) डिस्कांचा कंट्रोलर पासथ्रू केलाय, म्हणजे ते कार्ड थेट तिच्याच ताब्यात दिलंय, ती काही उठत नाही. कधी कधी तर होस्टचं ब्राउझरमधलं पानच उघडत नाही. बटण दाबून बंद-चालू केलं की नशिबाने चालतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

हा दोष रिबूट करून सापडत नाही, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं टिकतो. साध्या रिबूटमध्ये मदरबोर्डची स्टँडबाय वीज चालूच असते, बायोसच्या (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग्ज जागेवर असतात, कार्डं गरम असतात. तुम्ही खुर्चीत बसून कितीही वेळा रिबूट मारा, सगळं छान उठतं. मोडतं ते प्लगमधली वीज पूर्ण जाऊन मशीन गार पडलं की. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यातली प्रत्येक दुरुस्ती गार मशीनवरच तपासायची.

मांडणी साधारण अशी धरतोय: होस्टवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी सिस्टिम), बूटसाठी एनव्हीएमई (स्लॉटमधला वेगवान एसएसडी), डिस्कांसाठी एलएसआयचं एचबीए कार्ड, म्हणजे डिस्कांचा कंट्रोलर, आयटी मोडमध्ये (डिस्का जशाच्या तशा पुढे देणारा मोड), ते पूर्णच्या पूर्ण ट्रूनॅसच्या (स्टोरेज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) व्हीएमला दिलेलं, आणि जमलं तर नेटवर्कचं एखादं कार्ड राउटरच्या व्हीएमला. आमच्या गुहागरच्या घरी अशीच आहे. जांभ्याच्या भिंतींतून वायफाय पलीकडच्या खोलीत जात नाही, कॅमेरे आहेत, आणि आठवडाभर मी पुण्यात. म्हणजे दुरुस्ती करायची ती फोनवरून, आईच्या हातांनी.

पहिला प्रश्न: कोण कोण उठलं नाही?

सगळ्याच व्हीएम बंद असतील तर प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशनच बंद झालंय, म्हणजे इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम. फक्त पासथ्रूवाल्या व्हीएम बंद आणि बाकीच्या चालू असतील तर व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू, म्हणजे कार्डं थेट व्हीएमला देऊ देणारी सोय, गेलंय. तेव्हा टास्कच्या लॉगमध्ये ‘आयओएमएमयू नॉट प्रेझेंट’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. व्हीएम चालू झाली आणि त्याच क्षणी होस्टच नेटवर्कवरून नाहीसा झाला, तर कार्डांचे पत्ते सरकलेत. व्हीएम चालू आहे, होस्टही आहे, पण आत डिस्का कमी दिसतात, तर कार्ड, केबल किंवा खारी हवा. या चार लक्षणांची चार वेगळी कारणं आहेत आणि लोक चारही ठिकाणी एकच उपाय करत बसतात, तो म्हणजे बूट होताना कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) दिल्या जाणाऱ्या ओळीत नवनवे शब्द घालणं.

बायोस सगळं विसरला असेल तर घड्याळ बघा

व्हीटी-डी आपोआप कसं बंद होतं? बायोस मूळ सेटिंगवर गेला की. बऱ्याच बोर्डांवर व्हीटी-डी मुळातच बंद ठेवून येतं. एएमडीच्या काही बोर्डांवर ते ‘ऑटो’ असतं, आणि तिथे ऑटोवर विसंबू नये, सरळ ‘एनेबल्ड’ करावं. आता बायोस मूळ पदावर का गेला, हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच पानावरचं घड्याळ.

तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. हा सेल मशीनला वीज मिळत असताना फारसा खर्चच होत नाही, स्टँडबायची वीज त्याचं काम करते. प्लगमधली वीज पूर्ण गेली की तेवढ्यापुरता तो लागतो. म्हणून छोट्या खंडात काही होत नाही आणि रात्रभर लाइट गेली की सकाळी सगळं विसरलेलं. ज्यांची घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंद असतात आणि मेन स्विच खाली पाडूनच गाडीत बसायची पद्धत असते, तिथे सेल लवकर मरतो. मल्टिमीटर लावा: नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.७ च्या खाली गेला असेल तर बदला. बाजारात दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं उन्हात टांगलेलं पाकीट घेऊ नका, दुकानातच मीटर लावून घ्या.

या प्रकारात पुष्कळदा होस्ट सुरूच होत नाही, कारण बोर्ड की दाबायची वाट बघत थांबलेला असतो. आईला टीव्हीची एचडीएमआय केबल काढून सर्व्हरला लावायला सांगितली की पलीकडून उत्तर येतं: “काळ्या पडद्यावर एफ वन दाबा म्हणतोय रे, दाबू काय?” म्हणूनच सर्व्हरसाठी आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा आणि ते ग्राफिक्स कुठल्याही व्हीएमला देऊ नये.

आता दुसरी शक्यता, जिच्याकडे कुणी बघत नाही. घड्याळ बरोबर आहे, तरी सेटिंग्ज गेल्यात. सेल ठणठणीत, मग झालं काय? आपल्याकडे लाइट एकदम येत नाही. येते, दोन सेकंदांत जाते, परत येते, व्होल्टेज खालीवर होतं, मग स्थिरावते. बायोसमध्ये ‘वीज आली की चालू हो’ असं ठेवलेलं असतं, त्यामुळे बोर्ड प्रत्येक झटक्याला उठायला लागतो आणि मेमरीची तपासणी चालू असतानाच त्याच्या पायाखालची वीज जाते. असं लागोपाठ झालं की काही बोर्ड समजतात की आपल्या सेटिंग्जमध्येच खोट आहे, आणि सुरक्षित म्हणून मूळ पदावर जातात. व्हीटी-डी तिथेच जातं. मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल (ती जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) लावलं असेल तर हे जास्त होतं. सर्व्हरवर ते लावू नका, घरच्या कामात फरक कळतही नाही.

यावर उपाय कोकणातल्या प्रत्येक घरात आधीच आहे: फ्रिजचा स्टॅबिलायझर, टाइम डिले असलेला. लाइट आल्यावर तो साधारण तीन मिनिटं थांबतो आणि मध्ये परत गेली तर मोजणी पहिल्यापासून. तसलाच एक वेगळा स्टॅबिलायझर यूपीएसच्या आधी लावा. प्रत्येक वेळी यूपीएसला तीन मिनिटं जास्त ओढावं लागेल हे खरं, पण सर्व्हरला झटके बसणार नाहीत.

इन्व्हर्टरबद्दल थोडं, कारण बरेच जण ‘घराला इन्व्हर्टर आहे की’ म्हणून यूपीएस घेतच नाहीत. इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक खटका असतो: यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला जो वेळ लागतो तो पंख्याला चालतो, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) नाही. एसएमपीएस वीज नसताना तग धरतो तो साधारण १६-१७ मिलिसेकंद. म्हणून यूपीएस मोड हवा. पण त्या मोडमध्ये इनपुट व्होल्टेजची मर्यादा अरुंद असते, बहुतेक मॉडेलवर १८० च्या आसपास खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. संध्याकाळी वाडीत सगळ्यांचे पंप चालू झाले की व्होल्टेज तेवढं पडतंच, आणि लाइट असूनही बॅटरी रिकामी होत बसते. त्यामुळे माझं मत: घर इन्व्हर्टरवर साध्या मोडमध्ये, सर्व्हरला त्याच्या पुढे छोटा यूपीएस, यूएसबीची केबल होस्टला. इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल तर काही यूपीएस त्याला वीज मानतच नाहीत, साइन वेव्हचाच हवा. होस्टवर नट हे सॉफ्टवेअर बसवलं की बॅटरी संपत आल्यावर सगळं नीट बंद होतं. व्हीएमला बंद व्हायला प्रॉक्समॉक्स मुळात १८० सेकंद देतो, म्हणजे यूपीएसमध्ये चार-पाच मिनिटं शिल्लक असतानाच हुकूम जायला हवा.

बायोस ठीक आहे, घड्याळ ठीक आहे, तरीही ‘आयओएमएमयू नॉट प्रेझेंट’ येतंय? मग कर्नलची ओळ बघा. इंटेलवर ६.८ च्या आधीच्या कर्नलला आयओएमएमयू चालू करणारी ओळ द्यावी लागते, त्यानंतरच्यांना नाही. आणि ती लिहायची कुठे यात गफलत होते. होस्ट झेडएफएसवर (डिस्का सांभाळणारी फाइलसिस्टिम) आणि यूईएफआयने (बायोसची नवी पद्धत) बसवला असेल तर बूटचं काम सहसा ग्रबकडे नसतं, सिस्टमडी-बूटकडे असतं. तेव्हा ग्रबच्या फाइलमध्ये काहीही लिहा, कुणी वाचत नाही. ईटीसीखालच्या कर्नलच्या फोल्डरमधली कमांडलाइनची फाइल बदलून प्रॉक्समॉक्सच्या बूट टूलने ताजी करावी लागते. खरंच काय लागू झालंय हे प्रॉकमधल्या कमांडलाइनच्या फाइलमध्ये दिसतं, आधी तिथे बघा.

होस्टच गायब: सरकलेले पत्ते

हा प्रकार सर्वांत घाबरवणारा, आणि समजून घेतला की सर्वांत सरळ. व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये आपण कार्डाचा पत्ता लिहितो, उदाहरणार्थ ०२:००.०. हा पत्ता कार्डाचा स्वतःचा नसतो. बोर्ड चालू होताना एकेक पोर्ट तपासत जातो आणि जे सापडेल त्याला पुढचा नंबर देतो. चाळीतली एक खोली पाडली आणि मालकाने पाट्या नव्याने लावल्या तर पुढच्या सगळ्यांचे नंबर एकाने खाली येतील, आणि पोस्टमन मात्र जुन्याच नंबरावर पत्र टाकत राहील, तसं.

समजा बूटची एनव्हीएमई वेगळ्या जागी आहे आणि या रांगेत ०१ वर कॅशसाठीची दुसरी एनव्हीएमई, ०२ वर एचबीए, ०३ वर बोर्डावरचं नेटवर्क. गार मशीन सुरू होताना ती दुसरी एनव्हीएमई वेळेत बोलली नाही. बऱ्याच बोर्डांवर बायोस रिकामा पोर्ट लपवूनच टाकतो. झालं: एचबीए आता ०१, नेटवर्क ०२. ट्रूनॅसची व्हीएम सुरू होते, ०२:००.० मागते, आणि होस्ट इमानदारीने आपलं स्वतःचं नेटवर्क कार्ड काढून तिच्या हातात देतो. होस्टचं पान मध्येच थिजतं ते यामुळे. बायोस मूळ पदावर गेल्यावर, तुम्ही बंद केलेला बोर्डावरचा एखादा जादा साटा कंट्रोलर पुन्हा जिवंत झाला तर हेच उलट दिशेने, नंबर वर सरकून.

तातडीचा इलाज: टीव्ही लावा, बायोसमध्ये जाऊन व्हीटी-डी मुद्दाम बंद करा. पासथ्रूच्या व्हीएम सुरूच होऊ शकणार नाहीत, होस्ट सुखरूप उठेल, मग निवांत त्यांचं ‘स्टार्ट ॲट बूट’ काढा, व्हीटी-डी चालू करा, पत्ते तपासा. फक्त या काळात होस्टला एचबीए आणि त्याच्या डिस्का उघड्या दिसतील, त्याबद्दल पुढे सांगतो.

कायमचा इलाज म्हणजे पत्त्याऐवजी ओळख बांधणं. प्रॉक्समॉक्स ८ पासून डेटासेंटरखाली रिसोर्स मॅपिंग आहे. तिथे एचबीएला नाव द्या आणि व्हीएममध्ये कच्च्या पत्त्याऐवजी ते नाव वापरा. सुरू करण्याआधी त्या पत्त्यावर खरंच तेच कार्ड आहे का, हे उत्पादक आणि उपकरण क्रमांक जुळवून पाहिलं जातं. जुळलं नाही तर व्हीएम बंद राहते, होस्ट मात्र हातात राहतो. लांब बसलेल्या माणसाला एवढंच हवं असतं. नोडच्या ऑप्शन्समध्ये सुरुवातीचा थांबा पण ठेवता येतो, व्हीएम आपोआप सुरू करण्याआधी दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात बाहेरून आत शिरून थांबवता येतं.

होस्टच्या नेटवर्कचंही तसंच. इंटरफेसचं ईएनपी३एस० हे नाव पत्त्यावरूनच बनतं. पत्ता सरकला की नाव ईएनपी४एस० होतं, आणि ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा होस्टवरचा दुवा) जुन्या नावाला चिकटून बसतो. मॅक ॲड्रेस धरून लिंक फाइलने स्वतःचं नाव द्या, लॅन० म्हणा, काहीही म्हणा, आणि ब्रिजमध्ये तेच लिहा. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये नाव पक्कं करण्याचं छोटं साधनच दिलेलं आहे. हे केल्याने आणखी एक छुपा दोष जातो: सर्व्हर महिनोन्महिने चालू असतो, अपडेटमध्ये नवीन कर्नल येऊन पडलेला असतो, आणि तो लागू होतो थेट लाइट जाऊन आल्यावर. काही ड्रायव्हर नवीन कर्नलमध्ये इंटरफेसच्या नावाला ‘एनपी०’ अशी शेपटी लावायला लागले. दोष कर्नलचा, शिव्या खाते लाइट.

कार्डं विकत घेतानाच एक पथ्य पाळा. होस्टचं नेटवर्क आणि व्हीएमला द्यायचं नेटवर्क एकाच मॉडेलचं घेऊ नका. पासथ्रूसाठी ड्रायव्हर क्रमांकावरून बांधला तर त्या क्रमांकाची सगळी कार्डं तो उचलतो, होस्टचं धरून. बोर्डावरचं होस्टला, स्लॉटमधलं इंटेलचं व्हीएमला, म्हणजे गोंधळच नाही. आणि बोर्ड घेण्याआधी त्याचे आयओएमएमयू गट कसे पडतात ते शोधा. एका गटातलं सगळं एकत्रच द्यावं लागतं. एसीएस ओव्हरराइड या कर्नलमधल्या पळवाटेने गट फोडता येतात, पण ते वेगळेपण कागदावरचं असतं. घरच्या डेटासाठी मी तो मार्ग घेणार नाही.

डिस्कांना हात लावण्याआधी

व्हीटी-डी बंद पडलं की एचबीए व्हीएमकडे जात नाही, होस्टचा एमपीटी३एसएएस ड्रायव्हर त्याला धरतो आणि ट्रूनॅसच्या डिस्का होस्टवर दिसायला लागतात. माणूस घाबरलेला असतो, पूल (डिस्का मिळून बनलेला झेडएफएसचा साठा) समोर दिसतोय, इम्पोर्ट करावासा वाटतो. झेडएफएस सांगतं की हा पूल दुसऱ्या मशीनवर वापरात होता. तिथे ‘फोर्स’ लावू नका. होस्टने जबरदस्तीने घेतला आणि मागाहून व्हीएमनेही उघडला, तर दोघं एकाच डिस्कांवर लिहितील आणि मग परत मिळवण्यासारखं काही राहणार नाही. होस्टची स्वतःची एकही डिस्क त्या कंट्रोलरवर नसेल तर तो ड्रायव्हर होस्टवर ब्लॅकलिस्टच करा आणि एचबीएचा क्रमांक व्हीएफआयओला (पासथ्रूच्या ड्रायव्हरला) आधीच बांधून ठेवा. सास२००८ चिपचा १०००:००७२, सास२३०८ चा १०००:००८७.

खारी हवा

कार्ड काढून परत बसवलं की चालतं, तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. असं होत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. होस्टवर एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड) सविस्तर चालवा आणि एचबीएच्या लिंकची रुंदी बघा. आठ लेनचं कार्ड आठच्या स्लॉटमध्ये असून एक्स४ किंवा एक्स१ वर आलेलं दिसलं, किंवा कर्नलच्या लॉगमध्ये एईआरच्या (पीसीआयच्या चुका नोंदवणाऱ्या सोयीच्या) दुरुस्त केलेल्या चुकांची रांग लागली असेल, तर संपर्क खराब आहे. कार्ड उजेडात तिरकं धरा. सोनेरी पट्ट्यांच्या कडेला मळकट, कुठे हिरवट ठिपके दिसतात. आपल्याकडचे दुरुस्तीवाले इथे खोडरबर घासतात. त्याने चमक येते, पण सोन्याचा मुलामा मुळातच पातळ असतो, तो झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड पुरतं. स्लॉटही साफ करा. आणि मशीन समुद्राकडच्या खिडकीखालून उचलून आतल्या खोलीत न्या. चालू मशीन आतून उबदार असतं, त्यात ओल धरत नाही. दिवसेंदिवस बंद पडलेल्या मशीनमध्ये धरते.

एचबीएची चिप गरम फार होते. ती सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली, घरच्या कॅबिनेटमध्ये तिच्यावर वारा येतच नाही. चाळीस मिलिमीटरचा पंखा हीटसिंकवर बांधा. एप्रिल-मे मध्ये डिस्का मधूनच गळत असतील तर पहिला संशय इथे.

राउटर व्हीएममध्ये ठेवावा का?

आईवडील गावी आणि तुम्ही शहरात असाल तर माझं उत्तर नाही असंच आहे. सर्व्हर पडला की इंटरनेट पडलं, इंटरनेट पडलं की तुम्हाला सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही, आणि घड्याळ चुकलेला होस्ट वेळ विचारायला ज्या राउटरकडे जाणार तो त्याच्याच पोटात न उठलेला. फायबरच्या डब्यालाच राउटर राहू द्या. व्हीएममध्ये ओपीएनसेन्स (राउटरचं सॉफ्टवेअर) हवंच असेल तर नेटवर्क कार्ड पासथ्रू करण्याची गरज आहे का ते बघा. घरगुती कनेक्शनच्या वेगाला व्हर्टिओचा (आभासी नेटवर्क कार्डाचा) ब्रिज पुरून उरतो, फक्त ओपीएनसेन्समध्ये हार्डवेअर ऑफलोडिंग बंद ठेवायचं. स्टोरेजला पासथ्रू लागतो, कारण झेडएफएसला डिस्क थेट हवी असते. नेटवर्कला बहुतेक घरांत तो हौसेचा असतो. एवढं करूनही राउटर आतच ठेवायचा असेल तर कुठली एक केबल कुठून कुठे लावली की फायबरच्या डब्यावरून थेट वायफाय सुरू होईल, तेवढं रंगीत टेप लावून ठेवा.

पासथ्रूच्या व्हीएमला दिलेली सगळी मेमरी सुरुवातीलाच अडकते, बलूनिंगचा (गरजेप्रमाणे मेमरी कमी-जास्त करण्याचा) तिथे उपयोग नाही. ३२ जीबीच्या मशीनवर ट्रूनॅसला १६ दिली की तेवढी गेलीच. होस्टही झेडएफएसवर असेल तर त्याच्या एआरसीला (झेडएफएसच्या मेमरीतल्या कॅशला) मर्यादा घाला, नाहीतर शेवटची व्हीएम मेमरीअभावी उठत नाही आणि तोही दोष पासथ्रूच्या नावावर जातो.

गार चाचणी अशी: सगळ्या व्हीएम नीट बंद, होस्ट बंद, प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी प्लग लावण्याआधी टीव्ही जोडा. घड्याळ, व्हीटी-डी, मग होस्टवर पीसीआयची यादी, आदल्या दिवशीच्या यादीशी ओळीला ओळ लावून. यादी सर्व्हरवरच ठेवू नका, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.